जाडजूड पीडीएफ: स्क्रीनवरच वाचायच्या की प्रिंट काढायच्या?

निळीशाई
काही महिन्यांनी खात्यांतर्गत परीक्षा आहे. अभ्यासाचं सगळं साहित्य पीडीएफमध्ये आलंय. नियमावल्या, परिपत्रकं, त्यांची शुद्धिपत्रकं आणि दोन भलेमोठे अहवाल.

कादंबऱ्या मी फोनवर आरामात वाचते, त्यामुळे स्क्रीनचं वावडं आहे असं नाही. पण हे नियम वाचायला घेतले की वेगळंच होतं. शब्द ओळखीचे असतात, वाक्य वाचताना कळतंही, आणि दोन पानं पुढे गेल्यावर 'तो अपवाद कुठल्या कलमाला होता?' असं स्वतःलाच विचारलं तर पाटी कोरी. तेच छापील प्रतीत वाचलेलं असेल तर निदान 'उजव्या पानावर, खाली, तक्त्याच्या जरा वर' एवढं तरी डोळ्यांपुढे येतं आणि त्या जागेमागोमाग मजकूरही येतो.

नवरा म्हणतो हे सगळं स्मरणरंजन आहे, कागदावर शिकलीस म्हणून तसं वाटतं. त्याला दाखवायला पुरावे द्या आणि मला अभ्यासासाठी उपाय द्या. दोन्ही नसेल तर निदान सहानुभूती तरी द्या.

पानउलट
प्रिंट काढा. धागा बंद करा. :)

टचपॅड
पहिल्याच प्रतिसादात झाडं तोडायला सुरुवात!

निळीशाई, राग मानू नका, पण मला तुमच्या अहोंचंच पटतंय. मी कैक वर्षं सगळं टॅबवर वाचतोय. काही शोधायचं झालं तर दोन अक्षरं टाइप केली की अपवाद समोर हजर. तो उजव्या पानावर खाली होता की डाव्या पानावर वर, हे डोक्यात साठवायची गरजच काय?

निळीशाई
परीक्षेच्या हॉलमध्ये शोधाची चौकट देत नाहीत हो.

टचपॅड
बिनतोड. बसतो खाली.

सरासरी
नवरोबांसाठी पुरावा घ्या. २०१८ मध्ये 'एज्युकेशनल रिसर्च रिव्ह्यू' या नियतकालिकात डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून तपासले. वाचणाऱ्यांची एकूण संख्या १ लाख ७० हजारांच्या वर. आकलनात कागद पुढे निघाला. पण मजा तपशिलात आहे. माहितीपर मजकुरात फरक दिसला, निव्वळ कथात्मक मजकुरात दिसला नाही. म्हणजे तुमचा 'कादंबरी चालते, नियम चालत नाहीत' हा अनुभव काही तुमच्या एकट्याचा नाही. शिवाय वेळेचं बंधन असेल तर कागदाची आघाडी वाढते.

आता दुसरी बाजू, नाहीतर टचपॅड मला झोपू देणार नाहीत. हा फरक आकाराने लहान आहे. संख्याशास्त्राच्या मापात सुमारे ०.२१, म्हणजे गुणांच्या नेहमीच्या चढउताराच्या (प्रमाण विचलनाच्या) पाचव्या हिश्शाएवढा. स्क्रीनवर वाचणारे सगळे ढ आणि कागदवाले सगळे पंडित असं काही यातून निघत नाही. हजारो लोकांच्या सरासरीत दिसतो, एखाद्या माणसात दिसेल किंवा दिसणारही नाही.

टचपॅड
उभा राहतो परत. या अभ्यासांतली माणसं लहानपणी कागदावरच वाचायला शिकलेली असणार. जन्मल्यापासून हातात टॅब असलेली पोरं मोठी झाली की बघा, फरक आपोआप विरघळेल.

सरासरी
अपेक्षा रास्त आहे, पण आकडे नेमके उलटे गेलेत. त्याच ५४ अभ्यासांत जुने आणि नवे वेगळे करून पाहिले तर कागदाची आघाडी काळाबरोबर वाढलेली दिसते. सवय हेच कारण असतं तर ती घटायला हवी होती.

अर्धविराम
कथात्मक मजकुरात काहीच फरक नाही असं सरसकट नको म्हणूया. २०१९ मध्ये आन्ने मांगेन आणि सहकाऱ्यांनी ५० जणांना २८ पानांची एक रहस्यकथा दिली. निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडल या वाचनयंत्रावर. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट बरोबरीत होते. किंडलवाले मागे पडले ते घटनाक्रमात: आधी काय घडलं, नंतर काय, अमुक प्रसंग कथेत साधारण कुठे आला.

मला हे अगदी पटतं. पुस्तक हातात असलं की डाव्या अंगठ्याखालची जाडी वाढत जाते आणि उजवीकडची कमी होत जाते. खुनी सापडला तेव्हा उजवीकडे अजून बोटभर पानं शिल्लक असतील तर लगेच कळतं की हा खरा खुनी नव्हे. स्क्रीनवर खाली '६३%' दिसतं, पण ते मुद्दाम बघावं लागतं. अंगठ्याला न बघता कळत असतं.

वाळवी
मी पहिल्यापासून कागदाच्या बाजूने. चवच वेगळी.

पानउलट
वाळवी, हा आयडी तुम्ही याच धाग्यासाठी काढलात ना? खरं सांगा.

जुळारी
उशिरा येतोय, पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. आधी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचो, छापखाना बदलला तसा मुद्रितशोधनाकडे आलो. आता निम्मं काम स्क्रीनवर, निम्मं कागदावर.

पहिली गोष्ट निळीशाई यांच्या यजमानांच्या बाजूने. डोळ्यांना सवय कशाचीही लागते. जुळारी हातातल्या साच्यातली ओळ उलटी वाचायचा, अक्षरं आरशातल्यासारखी, तरी चूक झटक्यात दिसायची. त्यामुळे 'डोळे कागदासाठीच बनलेत' वगैरे मला कोणी सांगू नये.

दुसरी गोष्ट त्यांच्या विरुद्ध. स्क्रीनवर हमखास सुटणारी एक चूक सांगतो. ओळीच्या शेवटी 'आणि' आणि पुढच्या ओळीच्या आरंभी परत 'आणि'. स्क्रीनवर तपासून 'निर्दोष' म्हणून आलेल्या मजकुरात ही जोडी किती वेळा भेटते विचारू नका. कागदावर मी ओळीखाली पट्टी धरतो आणि लाल पेनाचं टोक एकेका शब्दावर टेकवत जातो. शब्दाला टोक लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरा 'आणि' आला की पेन आपोआप थबकतं. स्क्रीनवर असलं काही धरलेलं नसतं. बोट सरकवलं की मजकूर पळतो आणि डोळे त्याच्यामागे धावतात. चूक डोळ्यांसमोरून जाते, पण तोवर आपण अर्थ लावून मोकळे झालेले असतो.

माझ्या मते वाचण्याचा वेग कोण ठरवतं, यात सगळं आहे. कागदावर हात ठरवतो.

सरासरी
जुळारीकाका, तुम्ही जे पेनाने ओळखलंत त्यावर प्रयोग झालेला आहे. २०११ मध्ये रकेफेट अॅकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तोच मजकूर स्क्रीनवर आणि कागदावर अभ्यासायला दिला. वेळ ठरवून दिली तेव्हा दोन्ही गटांचे गुण सारखे (५४ अभ्यासांच्या सरासरीत वेळेच्या बंधनाचं चित्र उलट होतं, या एका प्रयोगात असं दिसलं). 'तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या' म्हटल्यावर स्क्रीनवाले मागे पडले. आणि वर 'आपल्याला किती गुण मिळतील' हा त्यांचा स्वतःचा अंदाज जास्त फुगलेला.

थोडक्यात, स्क्रीनवर वाचता येत नाही असं नाही. 'कळलं' ही घंटा तिथे लवकर वाजते आणि आपण उठतो.

टचपॅड
या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. पण लक्षात घ्या, यात माझंच म्हणणं सिद्ध होतंय. दोष काचेचा नाही, घाईचा आहे. तीच घाई कागदावर केली तर कागदही वाचवणार नाही.

जुळारी
बरोबर. फक्त कागदावर घाई करायला जरा कष्ट पडतात.

सर्किट
सगळे 'स्क्रीन' म्हणून एकच मोट बांधताय ते थांबवा जरा. फोन-टॅबची स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते. किंडलसारख्या वाचनयंत्रांतल्या ई-इंक पडद्याचं तंत्र वेगळं आहे. केसाच्या जाडीच्या आसपासच्या असंख्य सूक्ष्म कुप्या, प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की पांढरे वर येतात किंवा काळे. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते. म्हणून बॅटरी आठवडे चालते. डोळ्यांत येतो तो छापील कागदासारखा परावर्तित प्रकाश. ज्यात दिवे असतात त्यांतही ते पुढून, पृष्ठभागावर पडतात. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालेल्या मंडळींनी १९९७ मध्ये ई इंक कंपनी काढली, सोनीने २००४ मध्ये त्यावरचं पहिलं वाचनयंत्र बाजारात आणलं, किंडल २००७ चं.

पण निळीशाई, तुमच्या कामाला सहा इंची वाचनयंत्र घेऊ नका! पीडीएफ म्हणजे पानाचा गोठवलेला फोटो समजा. मोठ्या पानाचा मजकूर छोट्या पडद्यावर आला की अक्षरं मुंगीएवढी होतात. मोठं करावं तर ओळ कापली जाते आणि एकेका ओळीसाठी डावीकडून उजवीकडे फिरत बसावं लागतं. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात मजकूर पडद्याप्रमाणे स्वतःला नव्याने मांडतो, पीडीएफमध्ये नाही. तक्त्यांची तर वाटच लागते.

पानउलट
थोडक्यात, प्रिंट काढा. :)

कानसेन
मी अंध आहे. इथलं सगळं एनव्हीडीए नावाच्या मोफत स्क्रीन रीडरवर ऐकतो, हा धागाही तसाच ऐकला. तुमची ही 'अंगठ्याखालची जाडी' ऐकायला छान वाटली, पण छापील पुस्तक माझ्यासाठी बंद दार आहे. कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत त्यात काही नाही. स्क्रीन आली, त्यामागे मजकूर आला, तेव्हा मी कोणाचीही वाट न बघता वाचू लागलो. तेव्हा कागदाची बाजू मांडताना 'खरं वाचन' असला शब्द वापरू नका एवढंच म्हणणं.

आता पीडीएफविषयी. सगळ्या पीडीएफ सारख्या नसतात. काहींत नुसते स्कॅन केलेले फोटो असतात. माझं यंत्र तिथे गप्प, पान कोरंच. काही युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं भलत्याच लिपीची. यंत्र त्या अक्षरांची अशी काही रांग वाचतं की घरातले हसतात. टचपॅड, तुमची शोधाची चौकटही या दोन्ही प्रकारांत चालणार नाही. पडताळून बघा: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून इथे चिकटवा. नीट मराठी उमटली तर युनिकोड. चिन्हांचा पाऊस पडला तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो.

निळीशाई
कानसेन, आत्ताच करून पाहिलं. नियमावली युनिकोडमध्ये आहे. जुनी परिपत्रकं मात्र फोटोच, आणि एका शुद्धिपत्रकात चिन्हांचा पाऊस. म्हणजे शोधाच्या भरवशावर राहिले असते तर अर्धी परिपत्रकं सापडलीच नसती.

कानसेन
फोटोंवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, चालवा. मराठीचं बऱ्यापैकी होतं आता. फक्त जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी तपासून घ्या. नियमात '३' चा '२' झाला तर परीक्षेत महागात पडेल.

निशाचर
रात्री अंधारात फोनवर वाचताना डुलकी लागून तो नाकावर पडणे, या विषयावर कोणी संशोधन केलंय का? जाड छापील पुस्तकही पडतं, पण त्याने निदान विद्वत्तेचा व्रण तरी राहतो.

सरासरी
नाकावर नाही, झोपेवर झालंय. २०१५ चा एक प्रयोग. झोपण्याआधी काही तास काही रात्री प्रकाश फेकणारं यंत्र, काही रात्री मंद उजेडात छापील पुस्तक. यंत्राच्या रात्री झोप लागायला सरासरी सुमारे १० मिनिटं जास्त लागली, झोपेशी निगडित मेलाटोनिन हे संप्रेरकही दबलेलं. पण माणसं फक्त १२ आणि पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवलेला, त्यामुळे मंद प्रकाशावर वाचणाऱ्यांनी लगेच घाबरून जाऊ नये.

निशाचर
माझी झोप पडद्याने नाही, या धाग्याने उडवली आहे.

नेत्रपल्लवी
डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून राहवत नाही. स्क्रीनने डोळे 'खराब' होतात अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मोठ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं कोरडेपणा असतं. आपण एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याखाली येतं. जळजळ, चुरचुर, अंधुक दिसणं हे त्यामुळे. उपाय साधा: दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट लांबचं काहीतरी बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा.

निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्याबद्दल कोणी विचारायच्या आत सांगते. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात डोळ्यांच्या थकव्यावर त्याचा अल्पकाळात काही फायदा दिसला नाही.

आणि चाळिशीनंतरच्यांसाठी खास. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच भिंगात असलेल्या चष्म्यात, जवळचा नंबर भिंगाच्या तळाशी असतो. समोर उंचावर मॉनिटर असला की त्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि तासाभरात मान आखडते. कागद खाली मांडीवर असतो म्हणून हा त्रास तिथे नाही. लोक 'स्क्रीनने डोकं दुखतं' म्हणतात, दुखत असते मान. मॉनिटर खाली घ्या.

अर्धविराम
आत्ता हनुवटी वर करूनच हा प्रतिसाद वाचत होते. मॉनिटरखालचे दोन जाडे शब्दकोश काढले. बघा, छापील पुस्तकांचा असाही उपयोग चालू होता.

वाळवी
त्या शब्दकोशांचा पत्ता मिळेल का?

तळटीप
अवांतर होईल, पण कोणी मालकीबद्दल बोललं नाही. छापील पुस्तक विकत घेतलं की ते माझं. ई-पुस्तकात बहुतेक वेळा वाचायचा परवाना मिळतो. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून विकत घेतलेली पुस्तकं दूरवरून पुसून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते असं निघालं. पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. पण पुसलं गेलं त्यात काय होतं? जॉर्ज ऑर्वेलची '१९८४', म्हणजे सगळ्यांवर पाळत ठेवून नकोसा मजकूर नष्ट करणाऱ्या सत्तेची कादंबरी! असा योग कादंबरीकाराने जुळवला असता तर संपादकाने 'जरा अति होतंय' म्हणून काटला असता.

टचपॅड
माझ्या छापील पुस्तकांचं तर मित्रांनीच तसं केलंय. पैसेही नाहीत, माफीही नाही.

पानउलट
+१. वाचायला म्हणून नेलेलं पुस्तक परत आणणारा मित्र दाखवा आणि...

जुळारी
मंडळी, त्या बाईंची परीक्षा राहिली बाजूला. मूळ प्रश्नावर या.

निळीशाई
मी आहे इथेच, सगळं वाचतेय. सरासरींचे दोन प्रतिसाद नवऱ्याला दाखवले. 'लहान फरक आहे' एवढं एकच वाक्य त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. चालायचंच.

तुमचं ऐकून असं ठरवतेय. अहवाल स्क्रीनवरच, ते एकदाच वाचायचेत आणि त्यात आकडे शोधायचे आहेत. नियमावलीतलं जे पाठ हवं, म्हणजे अपवाद, मुदती आणि तक्ते, तेवढं छापून घेणार. फोटोवाली परिपत्रकंही छापणार. आणि स्क्रीनवर वाचताना प्रत्येक कलम संपलं की फाइल झाकून, कलम काय सांगतं ते वहीत दोन ओळींत लिहायचं. 'कळलं'ची घंटा खरी की खोटी ते तिथेच कळेल.

यात काही चुकतंय का?

सरासरी
वहीची कल्पना सगळ्यात भारी. त्या प्रयोगातला फुगलेला अंदाज फोडायला हीच टाचणी. फक्त बघून लिहू नका. झाकूनच.

टचपॅड
स्क्रीनवर वाचताना सरकवणं बंद करा. पीडीएफ वाचकात 'एकेक पान' हा पर्याय असतो, तो लावा. पान जागेवर स्थिर राहिलं की 'तक्त्याच्या वर' हे स्क्रीनवरही लक्षात राहतं. आणि सूचना बंद, वायफाय बंद. हे मी कागदप्रेमींना दिलेलं शेवटचं दान समजा.

निळीशाई
एकेक पान लावलं. फरक खरंच जाणवतो! आता शेवटचा प्रश्न. छापायचं ते पाठपोट की एकाच बाजूला? एका बाजूला छापलं तर मागच्या कोऱ्या पानावर टिपणं काढता येतील असं वाटतंय.

जुळारी
पाठपोट. तुम्हाला 'उजव्या पानावर खाली' आठवतं ना? सगळी पानं उजवीच झाली तर ती खूण अर्धी बाद. बांधणीच्या बाजूला बोटभर समास सोडा, बाहेरच्या बाजूला त्याहून जास्त. टिपणं तिथे बसतात आणि मजकुराच्या शेजारी राहतात, मागे गेलेली टिपणं कोणी उलटून बघत नाही. आणि छपाईच्या खिडकीत 'पानाला बसवा' हा पर्याय काढून टाका, अक्षरं उगाच लहान होतात.

टचपॅड
काका, पाठपोटमुळे झाडंही निम्मी वाचली. मी समाधानी.

वाळवी
मी नाही.